ट्यूनर म्हणतो ‘एकास एक’, मग आवाज पोहोचत का नाही?

(हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मी बीडहून बोलतोय. आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. माजलगावकडचा एक श्रोता आहे, नाव सांगू नको म्हणालाय. त्याने परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना काढला आणि शेतातल्या आखाड्यावर अँटेना बांधली. एक टोक लिंबाच्या झाडाला, दुसरं टोक विहिरीजवळच्या लोखंडी पाइपाला. त्याची नोट अशी: “दादा, चाळीस मीटरला पुणं, सोलापूर सगळं लागतंय. वीस मीटरला मात्र कुणी उत्तरच देत नाही. ट्यूनर लावलाय, मीटर एकास एक दाखवतंय, म्हणजे मॅच झालंय ना? मग पॉवर जाती कुठं?”

हा प्रश्न मला फार आवडला. ‘मॅच झालंय’ हा शब्द हॅम लोक दिवसातून दहा वेळा वापरतात. पण कशाचं कशाशी मॅच झालं आणि नेमकं कुठं झालं, हे फार थोडे विचारतात. आज तेच बघू.

ज्यांना हॅम रेडिओ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या कॉलसाइनने, टॉवर-सिम-इंटरनेट काहीही न वापरता रेडिओवरून थेट बोलायचा हा छंद. आपल्याकडच्या बहुतेक कॉलसाइन व्हीयूने सुरू होतात. आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना हे कशाला? तर आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्म नव्हता, पण घरात विचारा, अंबाजोगाईपासून बीडपर्यंत लोक घराबाहेर झोपल्याच्या आठवणी निघतील. त्या काळात निरोप पोहोचवायच्या कामात हॅम मंडळीही होती. पुढे 2001 च्या भूज भूकंपातही होती. अशा वेळी मीटरवर एकास एक आणि पलीकडे कुणालाच ऐकू न येणं याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

तर मुद्द्यावर येऊ. इम्पिडन्स. हा शब्द 1886 मध्ये ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या इंग्रज माणसाने रूढ केला. मराठीत कुणी प्रतिबाधा म्हणतं, पण मी इम्पिडन्सच म्हणणार आहे, कारण कट्ट्यावर तोच चालतो. अर्थ सरळ आहे: एखाद्या ठिकाणी किती व्होल्ट लावल्यावर किती अँपिअर वाहतात, त्याचं गुणोत्तर. व्होल्ट जास्त आणि करंट कमी, तर इम्पिडन्स मोठा. उलटं असेल तर लहान. मोजायचं ओहममध्ये. रेझिस्टन्सपेक्षा यात एक गोष्ट जास्त आहे, ती पुढे सांगतो.

आधी एक प्रयोग करा. गोठ्यातला कासरा घ्या आणि त्याच्या टोकाला तेवढीच लांब सुतळी बांधा. सुतळीचं दुसरं टोक खांबाला बांधून दोन्ही जरा ताणून धरा. आता कासऱ्याच्या टोकाला हाताने एक झटका द्या. दोरीवरून एक उंचवटा पळत जातो. गाठीपाशी पोहोचला की त्यातला काही भाग सुतळीत जातो आणि काही भाग परत तुमच्या हाताकडे येतो. गाठ तर घट्ट आहे, मग परत का आला? कारण कासरा जड आणि सुतळी हलकी. तेवढ्याच ताणाला दोघी वेगळा प्रतिसाद देतात. आता सुतळीऐवजी तसाच दुसरा कासरा बांधा. उंचवटा गाठ असल्याचं लक्षातही न घेता पुढे जातो.

इम्पिडन्स मॅचिंग म्हणजे हीच गाठ. रेडिओ, केबल आणि अँटेना या तीन दोऱ्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. रेडिओ 50 ओहमसाठी बनवलेला असतो, कोॲक्स केबलही 50 ची. अँटेना 50 ची निघाली तर लाट सरळ आकाशात जाते. 200 ओहमची निघाली तर लाटेची 36 टक्के पॉवर त्या सांध्यावरून मागे फिरते. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळून केबलवर काही जागी व्होल्टेज जास्त, काही जागी कमी असं उभं चित्र तयार होतं. त्या जास्तीच्या आणि कमीच्या प्रमाणाला म्हणायचं एसडब्ल्यूआर. 200 भागिले 50, म्हणून 4. सगळं जुळलं तर 1, म्हणजे आपलं ‘एकास एक’.

इथे कुणीतरी विचारणार की मग घरातल्या पंख्याला मॅचिंग का लागत नाही? प्रश्न बरोबर आहे. परळीच्या थर्मलची वीज 50 हर्ट्झची. त्या वेगाने एका लाटेची लांबी होते 6000 किलोमीटर. परळी ते बीड अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं. म्हणजे अख्खी लाइन लाटेच्या साठाव्या भागाएवढीसुद्धा नाही, लाटेला लाटेसारखं वागायला जागाच नाही. शिवाय परळीच्या जनरेटरने तुमच्या घराशी इम्पिडन्स जुळवायला घेतला, तर निम्मी वीज जनरेटरच्याच अंगात उष्णता होऊन जाईल. वीज कंपनीला ते परवडणारं नाही, म्हणून तिथे मॅचिंग करत नाहीत. रेडिओत उलटं आहे. 7.1 मेगाहर्ट्झला लाट 42 मीटरची आणि तुमची केबल 30 मीटरची. तुमच्या फोनच्या 1800 मेगाहर्ट्झला तर लाट जेमतेम 17 सेंटीमीटर. तार लाटेएवढी झाली की दोरीचे नियम लागू होतात.

आता माजलगावच्या भावाची अँटेना घेऊ. ती डायपोल आहे. मध्ये केबल जोडलेली आणि दोन्हीकडे साधारण दहा-दहा मीटरची तार. चाळीस मीटर बँडसाठी हे माप बरोबर आहे: 143 ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, 7.1 साठी एकूण 20 मीटर आणि थोडी जास्त. तारेच्या टोकाला करंट शून्य असणार, कारण पुढे जायला वाटच नाही. टोकापासून पाव लाट मागे आलं की करंट सगळ्यात जास्त आणि व्होल्टेज कमी. चाळीस मीटरला पाव लाट म्हणजे दहा मीटर, म्हणजे बरोबर मध्यभाग, जिथे केबल जोडलीय. करंट जास्त, व्होल्टेज कमी, म्हणून इम्पिडन्स लहान. मोकळ्या अवकाशात साधारण 73 ओहम, जमिनीच्या उंचीप्रमाणे वर-खाली. 50 च्या केबलला चालून जातं. पुणं, सोलापूर लागलं ते यामुळे. (आणखी एक कारण म्हणजे कमी उंचीवरची अशी अँटेना बरीचशी पॉवर सरळ वर फेकते. ती आयनमंडलावरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या वर्तुळात पडते. बालाघाटचा डोंगर मध्ये आला तरी तिला फरक पडत नाही.)

तीच तार वीस मीटर बँडला, म्हणजे 14.2 मेगाहर्ट्झला वापरा. लाट निम्मी झाली. आता टोकापासून मध्यापर्यंतची दहा मीटर तार म्हणजे पाव लाट नाही, अर्धी लाट. टोकाला करंट शून्य, अर्धी लाट मागे आलं की परत जवळजवळ शून्य. म्हणजे केबल जिथे जोडलीय तिथे करंट नगण्य आणि व्होल्टेज प्रचंड. इम्पिडन्स काही हजार ओहम. आपण हिशोबाला 3000 धरू. 3000 भागिले 50, एसडब्ल्यूआर 60! कासऱ्याला शिवायचा दोरा बांधल्यासारखं.

मग त्याच्या मीटरवर 60 का दिसलं नाही? ट्यूनर लावायच्या आधीसुद्धा मीटर पाचच्या आतच दाखवत होतं, असं त्याने नंतर फोटो पाठवून कळवलं. सगळी गोम इथे आहे. त्याने वापरलीय आरजी-58 केबल, बारीक काळी, स्वस्त, सगळीकडे मिळणारी. 30 मीटर लांब. 14 मेगाहर्ट्झला एवढ्या केबलमध्ये सगळं जुळलेलं असतानाच सुमारे 1.7 डेसिबल जातात. रेडिओतून 100 वॉट निघाले तर अँटेनापाशी 68 पोहोचतात. हे झालं जुळलेलं असताना. जुळलेलं नसताना लाट जाते, आपटून परत येते, ट्यूनरवर आपटून पुन्हा जाते, पुन्हा येते, आणि प्रत्येक फेरीत केबल आपला वाटा कापून घेते. एसडब्ल्यूआर 60 धरून गणित केलं तर एकूण घट होते साधारण 11 डेसिबल. 100 वॉटपैकी अँटेनापर्यंत जातात 7 ते 8 वॉट. बाकी 92 वॉटने आखाड्यावरची केबल कोमट झाली.

आणि त्याच कारणाने मीटर खोटं बोलतं. परत येणारी लाट मीटरपर्यंत पोहोचेपर्यंत केबलने तिलाही खाल्लेलं असतं. मीटर बिचारं जेवढं परत आलं तेवढंच मोजतं. अँटेनापाशी 60 असलेला एसडब्ल्यूआर रेडिओपाशी 5 च्या आत दिसतो, आणि 5 ला 1 करणं कुठल्याही ट्यूनरला सोपं जातं. केबल जितकी वाईट, तितकं मीटर सुंदर दिसतं. चांगला आकडा बघून खूश व्हायच्या आधी केबलचं नाव आणि लांबी विचारा, हा माझा आग्रह आहे.

एक गैरसमज इथेच काढतो. बरेच जण म्हणतात, एसडब्ल्यूआर 4 म्हणजे 36 टक्के पॉवर वाया. तसं नाही. मागे फिरलेली लाट म्हणजे हरवलेली लाट नव्हे. ट्यूनर नीट लावला असेल तर तो तिला परत अँटेनाकडे ढकलतो. वाया जातं ते फक्त येण्या-जाण्याच्या वाटेवरचं भाडं. वाट चांगली असेल तर एसडब्ल्यूआर मोठा असूनही काही बिघडत नाही. हे वाक्य परत ऐका, कारण यावरून पुढचा उपाय निघतो.

मग ट्यूनर करतो काय? तो अँटेनाला हात लावत नाही. तो रेडिओला 50 ओहम दाखवतो, बस. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससारखं. नांगर जड असला तरी इंजिनाला त्याच्या आवडीच्या फेऱ्यांवर फिरू देणं हे गिअरचं काम. नांगर त्याने हलका होत नाही. आजकालचे ट्रान्झिस्टरवाले रेडिओ एसडब्ल्यूआर 2 च्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर कमी करतात. ट्यूनर लावला की रेडिओला सगळं ठीक वाटतं आणि तो पूर्ण जोर लावतो. ट्यूनरची उपयुक्तता एवढी आहे, आणि ती कमी नाही. पण ‘अँटेना ट्यूनर’ हे नाव फसवं आहे.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. इम्पिडन्समध्ये रेझिस्टन्सशिवाय आणखी एक भाग असतो, रिॲक्टन्स. झोका आठवा. झोका मागे येऊन थांबला की बरोबर त्या क्षणी ढकलायचं. जरा आधी किंवा जरा उशिरा ढकललं तर जोर लागतो पण झोका वाढत नाही. अँटेना गरजेपेक्षा आखूड असेल तर करंट व्होल्टेजच्या आधी पळतो, तिला कपॅसिटिव्ह म्हणतात. जरा लांब असेल तर करंट मागे रेंगाळतो, ती इंडक्टिव्ह. ट्यूनरच्या डब्यात म्हणून दोनच प्रकारच्या वस्तू असतात, कॉइल आणि बदलता येणारे कंडेन्सर. करंट पुढे पळत असेल तर कॉइलने मागे ओढायचा, मागे राहत असेल तर कंडेन्सरने पुढे ढकलायचा. आणि त्याच दोघांच्या जोडीने 200 चे 50 ही करता येतात.

विश्वास बसत नसेल तर आकडे घ्या. 7.1 मेगाहर्ट्झला 200 ओहमचे 50 करायचेत. 200 च्या बाजूला 194 पिकोफॅरडचा कंडेन्सर समांतर लावा, आणि तिथून रेडिओकडे जाताना 1.94 मायक्रोहेन्रीची कॉइल मध्ये घाला. झालं, दोन भागांचा ट्यूनर. त्याला एल-मॅच म्हणतात. कॉइलसाठी 40 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, त्यावर तांब्याच्या तारेचे आठ वेढे साडेतीन सेंटीमीटरमध्ये पसरून गुंडाळा, 1.9 च्या आसपास येतं. कंडेन्सर जुन्या रेडिओतला, तो पत्र्यांचा गँग कंडेन्सर असतो ना, तो. भंगारात अजून सापडतो. फक्त पाच-दहा वॉटच्या वर जाऊ नका, त्या पत्र्यांमधलं अंतर कमी असतं आणि ठिणगी पडते.

विकतचा हाताने फिरवायचा ट्यूनर बहुतेक वेळा टी आकाराचा असतो. दोन कंडेन्सर ओळीने, आणि मधून जमिनीकडे जाणारी कॉइल. यात एक खोच आहे. एकाच अँटेनासाठी तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी बटणं ठेवून एकास एक मिळू शकतं, पण त्यातल्या काही ठिकाणी कॉइलच तापते. म्हणून नियम असा की कंडेन्सर जास्तीत जास्त आणि कॉइल कमीत कमी ठेवून जे जुळेल ते घ्यायचं. सुरुवातीला बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं. बटणं फिरवत बँडवरची खरखर सर्वात मोठी होईल तिथे आणायची, म्हणजे आपण जवळपास पोहोचलो. मग फ्रिक्वेन्सीवर कुणी नाही ना हे विचारून, कॉलसाइन सांगून, दहा वॉटवर बारीक जुळवणी करायची. कॉइलचा स्विच पॉवर चालू असताना फिरवायचा नाही, आतले कॉन्टॅक्ट जळतात.

आपल्या भावाला मी तीन पर्याय सांगितले. सगळ्यात स्वस्त: वीस मीटरसाठी पाच-पाच मीटरची दुसरी तारेची जोडी त्याच मध्यबिंदूला बांधायची. दोन डायपोल, एक केबल. ज्या बँडला जी जोडी जुळते ती पॉवर घेते, दुसरी गप्प बसते. थोडी कापाकापी करावी लागते, पण ट्यूनरची गरज जवळजवळ संपते. दुसरा: ट्यूनर घरात न ठेवता वर अँटेनापाशी नेणं. आपोआप जुळवणारे, पाणी न शिरणारे ट्यूनर मिळतात, पण महाग आहेत. सांधा जिथे बिघडलाय तिथेच दुरुस्त केला की केबल शांत राहते. तिसरा माझा आवडता: कोॲक्स सोडून दोन समांतर तारांची शिडीसारखी लाइन. तिचा इम्पिडन्स 450 च्या आसपास. 3000 ला 450 ने भागलं तर एसडब्ल्यूआर सातच्या आत, आणि ही लाइन इतकी कमी खाते की 30 मीटरमध्ये अर्धा डेसिबलसुद्धा जात नाही. 100 मधले 90 च्या वर वॉट अँटेनाला मिळतात. एसडब्ल्यूआर जवळजवळ सात आहे आणि तरी सगळं छान चाललंय! फक्त ती लाइन लोखंडी पाइपाला, पत्र्याच्या शेडला चिकटवून न्यायची नाही, हातभर लांब ठेवायची.

त्याने पहिला पर्याय घेतला. चार दिवसांनी वीस मीटरवर उत्तरं यायला लागली. ट्यूनर आता कपाटावर आहे म्हणे.

एकास एक हा आकडा आणखी एका प्रकारे फसवतो, आणि हा प्रकार आपल्या जिल्ह्यात जास्त बघायला मिळतो. उभी पाव लाटेची अँटेना घ्या. खाली चांगली जमीन असेल तर तिचा इम्पिडन्स 36 ओहम. पण जमीन कधीच परिपूर्ण नसते. गोदावरीकाठच्या गेवराई-माजलगावच्या काळ्या मातीत एक, पाटोद्याच्या मुरमाड माळावर दुसरं, आणि त्यातही मे महिन्यात एक, श्रावणात दुसरं. समजा मातीचा वाटा 14 ओहम निघाला. 36 अधिक 14 बरोबर 50. मीटर म्हणणार एकास एक, परफेक्ट! पण 28 टक्के पॉवर माती तापवतेय. आता तुम्ही मेहनत करून अँटेनाच्या बुडाशी चारी दिशांना तारा पसरल्या, त्यांना रेडियल म्हणतात. मातीचा वाटा 14 वरून 4 वर आला. एकूण 40 ओहम, एसडब्ल्यूआर 1.25. मीटर बिघडलं आणि सिग्नल सुधारला. मी म्हणेन, हे एक उदाहरण ज्याला पटलं त्याला एसडब्ल्यूआर कळला.

आणखी टोकाचं उदाहरण म्हणजे डमी लोड. 50 ओहमचा मोठा रेझिस्टर, पुष्कळदा तेलाच्या डब्यात बुडवलेला. रेडिओची चाचणी घ्यायला वापरतात. एसडब्ल्यूआर कायम एकास एक, आणि आकाशात काही म्हणजे काही जात नाही.

पन्नासच का, हेही पुष्कळ जण विचारतात. हवा भरलेल्या कोॲक्स केबलमध्ये सगळ्यात कमी घट 77 ओहमच्या आसपास होते, आणि सगळ्यात जास्त पॉवर 30 च्या आसपास सहन होते. 50 हा मधला तोडगा. टीव्हीवाल्यांना पॉवर पाठवायची नसते, नुसती घ्यायची असते, म्हणून त्यांनी 75 धरला. गच्चीवरची डिशची केबल 75 ची आहे. ती हॅमला चालते का? 75 भागिले 50, दीड. फक्त 4 टक्के मागे फिरतात. कनेक्टर बसवायची कटकट सोडली तर खुशाल वापरा. उलट तिचा एक भारी उपयोग आहे. चौकोनी लूप अँटेना 100 ते 120 ओहमची असते. लूप आणि 50 च्या केबलमध्ये बरोबर पाव लाट लांबीची 75 ची केबल घातली की 75 गुणिले 75 भागिले 110, म्हणजे 51. जुळलं! कासरा आणि सुतळीच्या मध्ये मधल्या जाडीची दोरी घातल्यासारखं, फक्त लांबी नेमकी हवी. फोमची केबल असेल तर 7.1 ला साधारण पावणेनऊ मीटर. बटण नाही, बॅटरी नाही, तरी हा ट्यूनरच.

आता हातातला फोन बघा. त्यातही ट्यूनर आहे. नव्या फोनच्या आत अँटेनाला जोडलेल्या इवल्याशा चिप असतात, तुम्ही फोन मुठीत धरला, गालाला लावला, टेबलावर ठेवला की अँटेनाचा इम्पिडन्स बदलतो आणि त्या चिप तो सावरतात. 2010 मध्ये आयफोन 4 आला तेव्हा कडेच्या धातूच्या पट्टीतली फट हाताने झाकली की रेंज पडायची, जगभर चर्चा झाली होती. आपला हात म्हणजे मिठाच्या पाण्याची पिशवीच, अँटेनाच्या दृष्टीने. आणि मोठ्या टोकाला जायचं तर आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर लागायचं ते आकाशवाणी परभणी, 1305 किलोहर्ट्झ. त्या लाटेची लांबी 230 मीटर. मीडियम वेव्हच्या अशा उंच मनोऱ्यांच्या पायथ्याशी एक छोटी खोली असते. आत माणसाच्या उंचीला शोभतील अशा कॉइल आणि कंडेन्सर. तुमच्या फोनच्या चिपचीच थोरली बहीण. तिथल्या इंजिनिअरांनी ट्यूनर थेट मनोऱ्याच्या पायाशी ठेवलाय, दूरच्या ऑफिसात नाही, हे लक्षात घ्या.

ज्यांना खरंच हात घालायचाय त्यांनी ट्यूनरच्या आधी नॅनोव्हीएनए घ्यावा असं माझं मत आहे. खिशात मावणारं यंत्र, फोनला जोडता येतं. ते अँटेनाचा रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स वेगवेगळे दाखवतं. मीटर फक्त ‘काहीतरी जुळत नाही’ एवढंच सांगतं, हे यंत्र तार लांब झालीय की आखूड ते सांगतं. शक्य असेल तर शिडी लावून वर अँटेनापाशी मोजा. ते जमत नसेल तर केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट करून, केबलचा परिणाम वगळून मोजा. नाहीतर परत तीच केबल मध्ये येऊन खोटं सांगणार.

आणि ऐकणं वेगळं, बोलणं वेगळं. परवाना नसताना ट्रान्समिट करायचं नाही. एएसओसीची परीक्षा आहे, अभ्यासक्रम अकरावी-बारावीच्या फिजिक्सपेक्षा फार अवघड नाही, आज जे ऐकलंत त्यातलं बरंच त्यात येतं.

शेवटी तारेबद्दल. वीस मीटर तार फेकताना शेतातल्या वीजलाइनपासून दूर राहायचं. तार तुटून पडली तरी लाइनवर पडणार नाही, एवढं दूर. 3000 ओहमच्या सांध्यावर 100 वॉट खरंच पोहोचले तर तिथे साडेपाचशे व्होल्ट उभे राहतात, म्हणून बोलताना अँटेनाला कुणाचा हात लागू देऊ नका, खास करून आखाड्यावर लेकरं खेळत असतात. आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात, दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. पश्चिमेला ढग काळे दिसायला लागले की गडगडाटाची वाट न बघता केबल रेडिओतून काढा, घराबाहेर टाका आणि अँटेनापासून लांब जा. ढग डोक्यावर आल्यावर केबल काढायला धावायचं नाही, तेव्हा रेडिओ गेला तर गेला.

पुढच्या भागात नॅनोव्हीएनएच्या पडद्यावरचं ते गोल गोल चित्र वाचायला शिकू. तोवर 73. हॅमच्या भाषेत म्हणजे राम राम.